कीर्तीचा मोह : सिसेरो आणि सॅलस्ट

इसवी सनापूर्वी ७४ सालची गोष्ट. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील पुतेओली या बंदरात एक बत्तीस वर्षांचा रोमन अधिकारी येऊन पोहोचला. सिसिली प्रांतात वर्षभर क्वेस्टर म्हणून, म्हणजे खजिन्याचा अधिकारी म्हणून, काम करून तो घरी परतत होता. त्या वर्षी रोममध्ये धान्याची तीव्र टंचाई पडली होती आणि या तरुणाने सिसिलीतून गव्हाची मोठी रसद राजधानीकडे रवाना केली होती. व्यापाऱ्यांशी तो सौजन्याने वागला होता, प्रजेशी न्यायाने वागला होता. निघताना सिसिलीकरांनी त्याचा जो गौरव केला, तसा पूर्वी कोणाचाही केला नव्हता. साहजिकच रोममध्ये घरोघरी आपलेच नाव निघत असणार, लोक आपल्याकडे न मागता सारे काही देऊ करणार, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

ते दिवस स्नानाच्या हंगामाचे होते. पुतेओलीच्या आसपास उष्णोदकाचे झरे असल्याने रोममधील सारे धनिक तेथे उतरलेले. त्यांतील एका गृहस्थाने या तरुणाला पाहून विचारले, की आपण रोमहून कधी निघालात आणि तिकडची काही नवी खबर आहे काय? तरुणाने मोठ्या संयमाने सांगितले, की आपण रोमहून नव्हे, तर आपल्या प्रांतातून येत आहो. गृहस्थाला एकदम आठवल्यासारखे झाले. तो म्हणाला, अर्थात, आफ्रिकेतून! तरुणाच्या मस्तकात तिडीक उठली. सिसिलीतून, असे त्याने तुटकपणे बजावले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका सर्वज्ञाने पहिल्याला समजावले, की हे सिराक्यूजला क्वेस्टर होते, एवढेही आपल्याला ठाऊक नाही? वास्तविक सिसिलीत क्वेस्टर दोन असत. एक पूर्वेस सिराक्यूजला, दुसरा पश्चिमेस लिलिबिअमला. आणि हा तरुण होता लिलिबिअमला. त्याने पुढे वाद घातला नाही. आपणही स्नानासाठीच आलेल्यांपैकी एक आहो, असे दाखवून तो गर्दीत मिसळून गेला.

ही फजिती जगाला कळली, ती ज्याची झाली त्यानेच सांगितल्यामुळे. त्याचे नाव मार्कस तुल्लिअस सिसेरो. वीस वर्षांनी, इ. स. पूर्व ५४ साली, एका मित्राचा खटला चालवताना त्याने भर न्यायालयात आपलीच ही कथा रंगवून सांगितली. स्वतःवर हसण्याची ही हातोटी त्याच्या मोठेपणाचा एक भाग आहे. परंतु या प्रसंगातून तो जे शिकला, ते अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. एखादा विरक्त पुरुष म्हणाला असता, की लोकांच्या वाहवेत काही अर्थ नाही. सिसेरोने काढलेला निष्कर्ष असा, की रोमन जनतेचे कान जड असले, तरी डोळे तीक्ष्ण आहेत. तेव्हा आपली कीर्ती तिच्या कानांवर जाण्याची वाट न पाहता आपण रोज तिच्या डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. त्या दिवसापासून त्याने भर चौकातील वावर सोडला नाही. त्याचा द्वारपाल किंवा त्याची झोप यांमुळे कोणी भेटीवाचून परत गेला, असे पुढे कधी घडले नाही.

हा स्वभाव एकट्या सिसेरोचा नव्हता. तो त्या नगरीचाच स्वभाव होता. ज्या घराण्यातील कोणी राज्यातील मोठे पद भूषवले असेल, त्याच्या घरातील पुढच्या दालनात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटांत जपून ठेवलेले असत. घरात मृत्यू घडला, म्हणजे ते मुखवटे बाहेर निघत. मृतांशी अंगलटीने मिळतीजुळती माणसे ते चेहऱ्यावर चढवून, त्या त्या पूर्वजाच्या पदाची वस्त्रे लेऊन प्रेतयात्रेत चालत आणि चौकात हस्तिदंती आसनांवर रांगेने बसत. मग मृताचा पुत्र व्यासपीठावर चढून आधी त्याचे आणि नंतर एकेका पूर्वजाचे पराक्रम वर्णन करी. पॉलिबिअस हा ग्रीक इतिहासकार ओलीस म्हणून रोमला आणला गेला होता. त्याने हा सोहळा पाहिला आणि लिहून ठेवले, की कीर्तीची आवड असलेल्या तरुणाला याहून उत्तम देखावा दाखवणे कठीण आहे. रोमचे साम्राज्य ज्या अनेक गोष्टींवर उभे राहिले, त्यांत या मेणाच्या मुखवट्यांचा वाटा लहान नव्हे.

पण ज्यांच्या घरी मुखवटे नव्हते, त्यांनी काय करावे? अशा माणसाला रोमन भाषेत ‘नवा माणूस’ म्हणत आणि त्या शब्दात तुच्छता पुरेपूर भरलेली असे. सिसेरो हा आर्पिनम या डोंगराळ गावचा असाच नवा माणूस. त्याला जे मिळवायचे, ते मते मागून. निवडणुकीला उभा राहिलेला रोमन खडूने पांढरा शुभ्र केलेला झगा नेसून चौकात हिंडे आणि दिसेल त्याचा हात हातात घेई. कानाशी एक गुलाम उभा. तो समोरून येणाऱ्याचे नाव हळूच सांगे, म्हणजे धन्याने जणू जुनी ओळख असल्यासारखे त्याला नावाने हाक मारावी. शुभ्र वस्त्र या अर्थाच्या शब्दापासून इच्छुकाला जे नाव पडले, तेच युरोपीय भाषांत आजही चालते. मराठीने यासाठी फारसीतून ‘उमेदवार’ हा शब्द घेतला. रोमनांचे लक्ष वस्त्राकडे होते, आपल्या शब्दाचे मनातल्या आशेकडे आहे. या हिंडण्याला, मतांसाठी चहूकडे फिरण्याला, लॅटिन भाषेत ‘आंबितिओ’ म्हणत आणि तोच शब्द पुढे महत्त्वाकांक्षेचा वाचक झाला. त्याच धातूपासून निघालेला ‘आंबितुस’ हा शब्द मात्र मते विकत घेण्याच्या गुन्ह्याचे नाव होते. या गुन्ह्यावर इ. स. पूर्व ६७ साली एक कायदा झाला. तो पुरेना म्हणून ६३ साली खुद्द सिसेरोने दहा वर्षे हद्दपारीची शिक्षा असलेला दुसरा कायदा करवून घेतला. आणि त्याच वर्षी, त्याच कायद्याखाली मुरेना नावाच्या निर्वाचित कॉन्सलवर खटला भरला गेला, तेव्हा आरोपीचे वकीलपत्र घेऊन उभा राहिला तो सिसेरोच. मुरेना निर्दोष सुटला. खटला भरणाऱ्यांत केटो होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

इ. स. पूर्व ६३ हे सिसेरोच्या आयुष्यातील मध्यान्हीचे वर्ष. सुमारे तीस वर्षांत कोणाही नव्या माणसाला न लाभलेले कॉन्सलचे पद त्याला मिळाले होते. त्याच निवडणुकीत पडलेला लुशिअस सर्जिअस कॅटिलिना हा अतिशय जुन्या, पण खालावलेल्या घराण्यातला. तो पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा हरला. त्याच्यावर कर्जाचा डोंगर होता. पण त्याहून मोठे शल्य अपमानाचे होते. आपल्या योग्यतेचे स्थान नाकारून अपात्रांना ते दिले गेले, ही तक्रार त्याने एका मित्राला पत्राने कळवली. मग त्याने कर्जबाजारी सरदार, उत्तरेकडे जमिनी देऊनही कंगाल राहिलेले सुल्लाचे जुने सैनिक आणि गावगुंड यांना एकत्र करून राज्य उलथण्याचा कट केला. सिसेरोने तो वेळीच हेरला. नोव्हेंबरात सिनेटच्या सभेत, कॅटिलिना समोर बसलेला असतानाच, त्याने असे भाषण केले, की तो त्याच रात्री शहर सोडून गेला. मागे राहिलेल्या कटवाल्यांपैकी पाच जण पुराव्यानिशी पकडले गेले. ५ डिसेंबर रोजी सिनेटमध्ये त्यांच्या शिक्षेवर चर्चा झाली आणि त्याच संध्याकाळी तुरुंगाच्या तळघरात, न्यायालयापुढे खटला न चालवता, त्यांना फाशी दिले गेले. लोकांनी सिसेरोला मशालींच्या उजेडात घरी पोचवले. त्याला राष्ट्रपिता म्हटले गेले.

त्या रात्रीनंतर सिसेरो वीस वर्षे जगला. परंतु एका अर्थी तो त्या दिवसातून कधी बाहेर आलाच नाही. आपला पराक्रम कोणी तरी लिहावा, हा एकच ध्यास त्याने घेतला. आर्किअस नावाचा अँटिऑकचा ग्रीक कवी होता. त्याच्या नागरिकत्वावर खटला झाला, तेव्हा ६२ साली सिसेरोने त्याची बाजू मांडली आणि हा कवी आपल्या कॉन्सलपदावर काव्य लिहीत आहे, हे न्यायाधीशांना सांगण्यास तो विसरला नाही. त्याच भाषणात त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे: कीर्ती तुच्छ आहे असे प्रतिपादन करणारे तत्त्वज्ञही त्या पुस्तकांवर आपली नावे घालतातच. आर्किअसने मात्र काव्य पुरे केले नाही. ६१ साली अ‍ॅटिकस या मित्राला लिहिलेल्या पत्रात सिसेरो कुरकुरत होता, की या कवीने आपल्याविषयी काहीच लिहिले नाही.

मग त्याने स्वतःच ग्रीक भाषेत आपल्या कॉन्सलपदाची हकीगत लिहिली आणि ती ऱ्होड्स बेटावरील थोर विद्वान पोझिडोनिअस याच्याकडे पाठवली, की या सामग्रीवरून आपण अधिक अलंकृत ग्रंथ रचावा. पोझिडोनिअसने उत्तर पाठवले, की हे वाचून लिहिण्याची उमेद तर आली नाहीच, उलट धीरच खचला. नकार यापेक्षा गोड शब्दांत देता येणार नाही. सिसेरोने मात्र ती खरी शरणागती मानून अ‍ॅटिकसला कळवले, की आपण सारे ग्रीक राष्ट्र दिपवून टाकले. यात थोडी थट्टाही असेल. पण थट्टेखाली समाधान लपत नाही. पुढे त्याने लॅटिनमध्ये स्वतःवर एक महाकाव्यही रचले आणि ते पुढील शतकांत समीक्षकांच्या विनोदाचा विषय झाले.

दरम्यान दिवस पालटले होते. नागरिकांना खटल्याशिवाय देहदंड दिल्याचा ठपका येऊन ५८ साली सिसेरोला देश सोडावा लागला. पॅलेटाइन टेकडीवरील त्याचे घर पाडण्यात आले. सुमारे दीड वर्षाने तो सन्मानाने परतला, तरी ती जखम भरली नाही. ५५ साली त्याने लुक्केइअस या इतिहासकाराला जे पत्र लिहिले, ते कीर्तीच्या भुकेचा प्राचीन जगातील सर्वांत निःसंकोच दस्तऐवज म्हणता येईल. समोरासमोर बोलण्याची लाज वाटते म्हणून लिहितो, अशी त्याची सुरुवात आहे. कटापासून हद्दपारीतून परत येण्यापर्यंतचा स्वतंत्र ग्रंथ लुक्केइअसने लिहावा आणि तो आपल्या हयातीतच लिहावा, म्हणजे आपल्यालाही त्याचा आस्वाद घेता येईल. शिवाय लिहिताना इतिहासाचे नियम थोडे बाजूला ठेवावेत आणि स्नेहाला सत्यापेक्षा किंचित जास्त झुकते माप द्यावे, अशीही विनंती आहे. हे पत्र फार सुंदर उतरले आहे, लुक्केइअसकडून मागून घेऊन अवश्य वाच, असे त्याने अ‍ॅटिकसला कळवले. म्हणजे याचनेचीही कीर्ती व्हावी! लुक्केइअसने होकार दिल्याचे दिसते, पण असा ग्रंथ कोणाच्या पाहण्यात आलेला नाही.

सिसेरोला हसणे सोपे आहे, कारण आपल्या मनातले त्याने लिहून ठेवले. त्याच्या समकालीनांनी तेच मनात ठेवून तलवारी उपसल्या. इ. स. पूर्व ४९ साली सीझरने रुबिकॉन ओलांडून यादवीला तोंड फोडले, तेव्हा त्याने स्वतः दिलेले कारणही आपल्या प्रतिष्ठेचेच होते; ती त्याला प्राणांहून प्रिय होती. सिसेरोने निदान कोणाचे रक्त सांडून काव्य लिहवून घेतले नाही. सीझरच्या वधानंतर, ४४ साली, त्याने ‘कीर्ती’ याच विषयावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या शतकातील गेलिअस या लेखकाने त्यात एक चूक दाखवून दिली आहे: मरणोत्तर कीर्तीविषयीचे होमरच्या हेक्टरचे उद्गार सिसेरोने अजाक्सच्या तोंडी घातले. गेलिअसच्या हाती तो ग्रंथ होता, हे यावरून कळते. आपल्या हाती तो नाही. चौदाव्या शतकात इटालियन कवी पेट्रार्क याने सांगितले, की ती प्रत आपल्याजवळ होती, पण आपल्या वृद्ध गुरूला वाचायला दिली असता त्याने गरिबीमुळे ती गहाण टाकली आणि ती कायमची गेली. पेट्रार्कचे हे म्हणणे अनेक विद्वानांना पटत नाही. कसेही असो, सिसेरोचा एवढा प्रचंड ग्रंथसंभार टिकला आणि नेमके कीर्तीवरचे पुस्तक तेवढे हरवले. ७ डिसेंबर ४३ रोजी, अँटनीच्या माणसांनी त्याला गाठून ठार केले. ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे, त्यावरच त्याचे मस्तक आणि हात मांडण्यात आले.

सिसेरोची इच्छा पूर्ण करणारा इतिहासकार अखेर उभा राहिला. कॅटिलिनाच्या कटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला गेला, तोही सिसेरोच्या मृत्यूनंतर लवकरच, आणि तो दोन हजार वर्षे टिकून आहे. फक्त तो लिहिणारा स्नेही नव्हता. गायस सॅलस्टिअस क्रिस्पस, ज्याला जग सॅलस्ट म्हणते, तो सीझरच्या पक्षाचा माणूस. इ. स. पूर्व ८६ मध्ये अमितेर्नम या डोंगरी गावी त्याचा जन्म झाला. तोही नवा माणूस. त्याच्याही घरी मुखवटे नव्हते. ५२ साली ट्रिब्यून झाला, तेव्हा त्याने सिसेरोविरुद्ध रान उठवले होते. ५० साली त्याला सिनेटमधून काढून टाकण्यात आले. कारण अनीतीचे सांगितले गेले. राजकीय वैरही त्यामागे असेल. मिलो नावाच्या पुढाऱ्याच्या पत्नीबरोबर तो सापडला आणि मिलोने त्याला चाबकाने फोडून, पैसे उकळून सोडून दिले, असे व्हॅरोने लिहिल्याचे गेलिअस नमूद करतो. सीझरने त्याला पुन्हा वर काढले. इ. स. पूर्व ४६ साली आफ्रिकेतील युद्ध संपल्यावर नव्याने जिंकलेल्या नुमिडियाचा तो सुभेदार झाला. तेथे त्याने प्रजेला इतके लुबाडले, की परत येताच त्याच्यावर आरोप ठेवला गेला. सीझरच्या कृपेनेच तो बचावला. डिओ कॅशिअस हा नंतरचा इतिहासकार टोमणा मारतो, की दुसऱ्यांच्या लुटारूपणावर कडक लिहिणाऱ्याने स्वतः तेच करावे, ही नामुष्कीची परिसीमा होय.

डिओच्या टोमण्यात एक चूक आहे. सॅलस्टने आधी लिहिले आणि मग लुटले, असे झाले नाही. त्याने आधी लुटले आणि मग लिहिले. सीझरचा वध झाल्यावर आश्रयदाता उरला नाही, तेव्हा तो राजकारणातून बाहेर पडला आणि पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, इतिहास लिहीत बसला. हा क्रम उलटवला, तर सॅलस्ट केवळ ढोंगी ठरतो. सरळ ठेवला, तर तो अधिक गुंतागुंतीचा आणि अधिक वाचनीय माणूस दिसू लागतो. आपल्या ग्रंथाच्या आरंभी तो कबूल करतो, की तरुणपणी आपण राजकारणात ओढले गेलो, तेथे लाज, संयम आणि गुण यांच्या जागी उद्धटपणा, लाच आणि लोभ यांचे राज्य होते, आणि आपले कोवळे मन महत्त्वाकांक्षेने भ्रष्ट होऊन त्यात अडकून पडले. नुमिडियाचा उल्लेख तो येथे करत नाही. कबुलीलाही त्याने मर्यादा घालून घेतली होती.

या ग्रंथाची पहिली काही प्रकरणे कटाविषयी नाहीतच; ती मनुष्यस्वभावाविषयी आहेत. सॅलस्टचे म्हणणे असे: मान खाली घालून चरणाऱ्या गुरांप्रमाणे मुकाट्याने आयुष्य घालवणे मनुष्याला शोभत नाही. आयुष्य थोडे असल्याने आपली स्मृती जास्तीत जास्त टिकवण्याचा यत्न त्याने केला पाहिजे, पण तो बुद्धीच्या आणि सद्गुणाच्या जोरावर. म्हणजे कीर्तीची इच्छा त्याच्या दृष्टीने पाप नाही, ती मनुष्यत्वाची खूण आहे. मग रोम बिघडले कसे? इ. स. पूर्व १४६ साली कार्थेज जमीनदोस्त झाले आणि रोमला शत्रूचा धाक उरला नाही, तेथून ऱ्हास सुरू झाला, असे तो सांगतो. आधी वाढली सत्तेची आणि मानाची हाव, नंतर पैशाची. पहिल्या हावेने माणसे खोटी झाली. मनात एक आणि ओठांवर एक ठेवायला शिकली. तरीही हा दुर्गुण सद्गुणाच्या जवळचा, कारण मान आणि अधिकार सज्जनालाही हवा असतो आणि दुर्जनालाही; एक सरळ वाटेने जातो, दुसरा कपटाने. पैशाची हाव मात्र शरीर आणि मन दोन्ही पोखरणारे विष आहे, असे त्याचे मत.

आपल्याकडील शास्त्रकारांनी वित्तैषणा आणि लोकैषणा या दोन वासना वेगळ्या सांगितल्या आहेत, आणि सॅलस्टची ही मांडणी वाचताना त्या शब्दांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की आपल्या परंपरेने संन्याशाला दोन्ही सोडायला सांगितल्या. रोमनाला लोकैषणा सोडवत नव्हती. तिच्यावाचून राज्य चालेल कसे, हेच त्याला कळत नव्हते.

कट उघडकीस येतो, तेथे सॅलस्ट कथेचा वेग वाढवतो. सिसेरोच्या वाट्याला काय आले? ज्या नोव्हेंबरच्या भाषणाने कॅटिलिनाला शहराबाहेर घालवले, जे आजही लॅटिन शिकणाऱ्या मुलांना पाठ करावे लागते, त्याला सॅलस्टने एक वाक्य दिले: भाषण तेजस्वी आणि राज्याला उपकारक होते, आणि ते सिसेरोने पुढे लिहून प्रसिद्ध केले. ५ डिसेंबरच्या सभेतील सिसेरोच्या भाषणाचा तर उच्चारही नाही. त्या सभेत दोनच माणसे बोलतात, सीझर आणि केटो. सीझर म्हणतो, क्रोधाच्या भरात कायदा मोडू नका, आज योग्य माणसांवर पडलेला पायंडा उद्या अयोग्य हातांत जाईल. कटवाल्यांची मालमत्ता जप्त करा आणि त्यांना निरनिराळ्या गावी जन्मभर कैदेत ठेवा. केटो म्हणतो, देहदंड द्या आणि आजच द्या. सिनेट केटोच्या बाजूने जाते. सिसेरोची निंदा कोठेच नाही. कॉन्सल म्हणून त्याचा उल्लेख आदरानेच येतो. ज्याने इतिहासकाराकडे सत्याहून थोडे अधिक मागितले होते, त्याला सत्याएवढेच मिळाले; तेही आखडत्या हाताने.

आणि मग कथा थांबवून सॅलस्ट त्या दोघांची तुलना करतो. त्याच्या काळात थोर गुणांची, पण भिन्न स्वभावाची दोनच माणसे झाली, असे तो म्हणतो. सीझर मोठा झाला देण्याने आणि क्षमा करण्याने, केटो कोणालाही काही न देण्याने. एकाकडे दुःखितांना आसरा मिळे, दुसऱ्याकडे दुष्टांना धाक. सीझरला हवी होती मोठी सत्ता, सैन्य आणि आपले तेज झळकेल असे एखादे नवे युद्ध. केटोची स्पर्धा श्रीमंताशी श्रीमंतीत नव्हती, कारस्थान्याशी कारस्थानात नव्हती. ती निग्रही माणसाशी निग्रहात होती. चांगला दिसण्यापेक्षा चांगला असणे त्याला अधिक पसंत होते, आणि म्हणूनच तो कीर्तीच्या मागे जितका कमी गेला, तितकी ती त्याच्या मागे आली. तुलनेचा शेवट येथे होतो. सीझरविषयी यानंतर एक अक्षर नाही.

हे कोण लिहीत आहे, हे विसरता कामा नये. सॅलस्टला पद दिले सीझरने आणि शिक्षेतून वाचवले सीझरने. ४६ सालच्या आफ्रिकेतील युद्धात सॅलस्ट सीझरच्या सैन्यासाठी धान्य मिळवून आणत होता, आणि त्याच युद्धात पराभव दिसताच केटोने उटिका येथे स्वतःच्या तलवारीने प्राण दिला होता. त्यानंतर सिसेरोने केटोची स्तुती करणारी पुस्तिका लिहिली, तेव्हा सीझर इतका अस्वस्थ झाला, की त्याने केटोच्या निंदेचा ग्रंथ स्वतः लिहिला. अशा सीझरच्या माणसाने, चार-पाच वर्षांनी, शेवटचा शब्द केटोला द्यावा! मिंधेपणा संपल्यावर आलेली ही सचोटी आहे, की स्वतःजवळ जे नव्हते त्याला वाहिलेली मानवंदना, हे सांगणे कठीण आहे. पण ते वाक्य लिहिताना सॅलस्टला आपल्या आयुष्याची आठवण झालीच नसेल, असे मानणे त्याहून कठीण आहे.

त्याने दुसरा ग्रंथ लिहिला तो जुगुर्थाच्या युद्धावर. जुगुर्था हा नुमिडियाचा राजा. रोममध्ये पैसे मोजले, की सिनेटही मिळते, हे त्याला पक्के ठाऊक होते. लाचखाऊ सरदारांची जी चित्रे सॅलस्टने यात काढली, त्यांना रोमन वाङ्मयात तोड नाही. ज्या भूमीत ती लाच शिजत होती, तिची वाळवंटे, डोंगरी किल्ले आणि नद्या यांचे वर्णन करणारा लेखक तेथे सुभेदार होता. तेथूनच त्याने आपली गाठोडी बांधून आणली होती. मारिअस या नव्या माणसाच्या तोंडी त्याने एक ज्वलंत भाषण घातले आहे. पूर्वजांचे मुखवटे आपण दाखवू शकत नाही, दाखवू शकतो ते भाले, निशाण आणि छातीवरचे वण, असा त्याचा रोख आहे. स्वतः सॅलस्टला दाखवण्याजोगे होते ते वेगळेच.

ते म्हणजे रोमच्या उत्तरेस, पिंचिअन आणि क्विरिनल टेकड्यांमधील खोऱ्यात त्याने उभारलेली उद्याने. त्यांचा पैसा नुमिडियाचा होता, असाच प्राचीन काळापासून समज आहे. इ. स. पूर्व ३५ च्या सुमारास सॅलस्ट वारला. तो वारस म्हणून मागे ठेवून गेला आपल्या बहिणीच्या नातवाला, ज्याला त्याने दत्तक घेतले होते. या वारसाची हकीगत टॅसिटस सांगतो. सिनेटर होण्याचा मार्ग मोकळा असूनही त्याने एकही पद स्वीकारले नाही. पांढरा झगा नेसून तो कधी चौकात हिंडला नाही. पडद्यामागे राहून तो सम्राट ऑगस्टसच्या गुपितांचा राखणदार झाला आणि पदे भूषवलेल्या अनेकांहून त्याची सत्ता अधिक होती. इ. स. १४ मध्ये ऑगस्टसचा नातू अग्रिप्पा मारला गेला, त्या प्रकरणात त्याचा हात होता. प्रजासत्ताक गेले होते. मोठे व्हायला आता लोकांच्या डोळ्यांसमोर असण्याची गरज उरली नव्हती.

पुढे ती उद्याने सम्राटांकडे गेली. व्हेस्पेशिअन तेथे राहत असे आणि लोकांना भेटत असे, नर्व्हाने तेथेच प्राण सोडला. इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिकचे गॉथ जवळच्याच सालारिअन वेशीतून शहरात शिरले आणि त्यांनी आसपासच्या घरांना आग लावली. त्यात सॅलस्टचे घर होते. सुमारे सव्वाशे वर्षांनी प्रोकोपिअस लिहितो, की ते अर्धवट जळालेल्या स्थितीत अजून उभे आहे. सतराव्या शतकात त्या जागी एका धनाढ्य घराण्याचा बंगला झाला. बहुधा त्याच्याच आवारात, जखमी होऊन जमिनीवर टेकलेल्या एका गॉल योद्ध्याचा जगप्रसिद्ध संगमरवरी पुतळा सापडला. उद्यानातील एक मिसरी धर्तीचा स्तंभ १७८९ साली नेऊन स्पॅनिश पायऱ्यांच्या माथ्यावरील चर्चसमोर उभा करण्यात आला आणि तो तेथेच आहे. खोरे भरून काढून वर रस्ते झाले. आजच्या सॅलस्ट चौकात कठड्याला टेकून खाली पाहिले, तर रस्त्याच्या पातळीपासून बऱ्याच खोलवर त्या उद्यानातील एका प्रशस्त मंडपाच्या विटांच्या भिंती दिसतात.